आरएक्स पिनवर पुलडाऊन का नको, आणि तोच रेझिस्टर कुठे हवा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. एटीमेगा३२८पी हा मायक्रोकंट्रोलर आणि मॅक्स४८५ ही बसवर (सगळ्यांच्या सामाईक तारांवर) बोलणारी ट्रान्सीव्हर चिप वापरून तुम्ही मॉडबसवरचे, म्हणजे त्या ठरलेल्या भाषेत उत्तर देणारे, एनर्जी मीटर वाचणारा बोर्ड केलाय, पाच व्होल्टवर. कुठलीही पिन अधांतरी सोडायची नाही हे मनावर ठसलेलं, म्हणून आरएक्स (ऐकणारी पिन) आणि टीएक्स (बोलणारी पिन) दोन्हींवर १० किलोओमचे पुलडाऊन, म्हणजे ग्राउंडकडे ओढणारे रेझिस्टर, टाकलेत. आता मीटरच्या उत्तराआधी कधी कधी एक शून्य बाइट येतो आणि सीआरसी, म्हणजे संदेश शाबूत आहे का ते तपासणारा आकडा, जुळत नाही. शिवाय तुमचा बोर्ड रीसेट होताना बसवरची सगळी बोलाचाल मध्येच तुटते. पन्नास बोर्ड छापून आलेत आणि तुम्ही विचारताय की १० ऐवजी ४७ किलोओम टाकले तर चालेल का.

नाही चालणार. रेझिस्टरचा आकडा बरोबरच आहे, तो चुकीच्या दिशेला ओढतोय. पिन अधांतरी नको हा धडा खरा आहे, पण अर्धा. उरलेला अर्धा असा की त्या तारेला कुणीच धरलेलं नसताना तिचा अर्थ काय व्हायला हवा, हे आधी ठरवायचं आणि मग रेझिस्टरने तिला तिकडे न्यायचं. मी प्रत्येक सर्किट तपासताना पिनागणिक हाच प्रश्न विचारतो.

यूआर्टच्या, म्हणजे चिपमधल्या एकेक बिट पाठवणाऱ्या-घेणाऱ्या भागाच्या, तारेवर शांतता म्हणजे हाय. कुणी बोलत नसेल तेव्हा तार पाच व्होल्टवर असते, आणि ती खाली आली की समोरचा समजतो की स्टार्ट बिट आला, म्हणजे बाइट सुरू झाला. ही रीत टेलिप्रिंटरच्या काळापासूनची आहे. तेव्हा शांत लाइनमधूनही करंट वाहता ठेवत, म्हणजे तार तुटली तर लगेच कळायचं. आजही लाइन एका पूर्ण फ्रेमपेक्षा (स्टार्टपासून स्टॉप बिटपर्यंतच्या एका बाइटपेक्षा) जास्त वेळ लो राहिली तर त्याला ब्रेक म्हणतात. तुम्ही आरएक्सवर पुलडाऊन लावलात म्हणजे केबल निघाल्यावर किंवा समोरच्याने तार सोडून दिल्यावर तुमच्या मायक्रोकंट्रोलरला कायमचा ब्रेक ऐकू येतो.

आता तुमचा शून्य बाइट. तुम्ही लिहिलंय की मॅक्स४८५ च्या आरई (ऐकणं चालू-बंद करणारी) आणि डीई (बसवर बोलणं चालू-बंद करणारी) या दोन पिना एकत्र जोडून एकाच पिनने चालवता. बहुतेक सगळे तसंच करतात आणि त्यात गैर काही नाही. पण आरई हाय झाली की आतला रिसीव्हर बंद होतो आणि आरओ, म्हणजे तुमच्या आरएक्सला जोडलेली त्याची आउटपुट पिन, सुटते. ती ना हाय धरते, ना लो. म्हणजे तुम्ही मीटरला प्रश्न पाठवत असता तेव्हा तुमच्या आरएक्सवर फक्त तुमचा पुलडाऊन उरतो. ९६०० बॉडला एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा. आठ बाइटची मॉडबस विनंती जायला साधारण आठ-नऊ मिलिसेकंद लागतात, आणि तेवढा सगळा वेळ आरएक्स खाली दाबलेली असते. यूआर्ट ते स्टार्ट बिट म्हणून घेतं, आठ शून्यं मोजतं, स्टॉप बिटच्या जागी हाय सापडत नाही म्हणून फ्रेमिंग एररची खूण करतं आणि शून्य बाइट पुढे ढकलतं. एटीमेगाला पुढच्या स्टार्ट बिटसाठी हायवरून लोवर उतरणारी कड लागते, म्हणून तुमच्याकडे एकच शून्य येतं. दुसऱ्या चिपवर किती येतील ते तिच्या यूआर्टच्या रचनेवर अवलंबून आहे.

तुम्ही आर्डुइनोची सीरियल लायब्ररी वापरताय म्हणून एक गोष्ट बारकाईने बघा. ती लायब्ररी बाइट बफरमध्ये टाकण्यापूर्वी पॅरिटी एरर तपासते (पॅरिटी म्हणजे बाइटमागे जोडलेला तपासणीचा बिट), फ्रेमिंग एरर तपासत नाही. त्यामुळे हे खोटं शून्य खऱ्या बाइटसारखंच आत येऊन बसतं. मॉडबसची नेहमीची इव्हन पॅरिटी ठेवलीत तरी ती पकडत नाही, कारण आठ शून्यांची इव्हन पॅरिटीही शून्यच, आणि लो लाइनवर पॅरिटी बिटच्या जागी शून्यच वाचलं जातं. मग मीटरचं खरं उत्तर त्या शून्यामागे रांगेत लागतं आणि सीआरसी कोलमडतो. 'कधी कधी' होतं असं तुम्ही म्हणता, कारण पाठवून झाल्यावर बफर रिकामा करणारी ओळ तुमच्या कोडच्या एका वाटेवर आहे आणि दुसऱ्या वाटेवर नाही असं असणार. तेवढं पाहून घ्या.

४७ किलोओमचं गणितही मांडतो. सुटलेल्या आरएक्सवर पिन आणि ट्रॅक मिळून समजा २० पिकोफॅरड आहेत. १० किलोओमला ती खाली आणायला मायक्रोसेकंदाचा पाचवा भाग लागेल, ४७ किलोओमला जेमतेम एक. बिट १०४ मायक्रोसेकंदांचा असताना यूआर्टला हा फरक जाणवतही नाही. त्याहून वाईट म्हणजे कुणीतरी सुचवेल की पुलडाऊन राहू दे, कोडमधून चिपच्या आतला पुलअप, म्हणजे हायकडे ओढणारा रेझिस्टर, चालू कर. एटीमेगाचा आतला पुलअप २० ते ५० किलोओमच्या दरम्यान कुठेही असू शकतो. बाहेर १० किलोओम खाली ओढत असेल तर पिनवर ०.८ ते १.७ व्होल्ट मिळतात, म्हणजे बहुतेक लोच. बाहेर ४७ असेल तर २.४ ते ३.५ व्होल्ट. या चिपला पाच व्होल्टवर दीडच्या खाली लो आणि तीनच्या वर हाय हवं, मधल्या पट्ट्यात ती काय वाचेल याची हमी कुणी देत नाही. त्यामुळे पन्नासातले तीस बोर्ड चालतील, वीस चालणार नाहीत, आणि जे चालतील ते उन्हाळ्यात चालतीलच असं नाही. असा दोष शोधण्यात आठवडे जातात.

दुसरी तक्रार वेगळी आहे आणि तिचं उत्तर डीई पिनवर आहे. मायक्रोकंट्रोलर रीसेटमध्ये असताना त्याच्या सगळ्या पिना इनपुट होतात, म्हणजे सुटतात. डीई तेव्हा अधांतरी. ती नुसत्या गळतीने किंवा शेजारच्या ट्रॅकच्या गोंधळाने वर गेली की तुमचा मॅक्स४८५ बसवर बोलायला लागतो, आणि डीआयवर, म्हणजे तुमच्या टीएक्सला जोडलेल्या त्याच्या पिनवर, त्या क्षणी जे असेल ते दामटून धरून ठेवतो. बाकीचे मीटर तुमच्या आवाजाखाली दबतात. या पिनला शांत अवस्था म्हणजे लो, म्हणून इथे १० किलोओमचा पुलडाऊन हवाच हवा. तुम्ही टाकलेला रेझिस्टर योग्य होता, फक्त दोन पिना अलीकडे बसला.

टीएक्सवरच्या पुलडाऊनला हात लावू नका. डीई लो असताना डीआयवर काय आहे याने बसला फरक पडत नाही. लाइन शांत असताना त्यातून अर्धा मिलिअँपिअर वाहील, पण बोर्ड मेनवर चालतो म्हणून ते खपून जाईल. फक्त कोडमध्ये आधी यूआर्टचा ट्रान्समीटर चालू करा आणि मगच डीई वर न्या. मध्ये ट्रान्सीव्हर नसता आणि टीएक्स थेट दुसऱ्या मॉड्यूलच्या आरएक्सला गेली असती, तर मात्र मी तिथेही पुलअपच सांगितला असता, कारण रीसेटच्या वेळी समोरच्याला ब्रेक ऐकू जायला नको.

छापून आलेले पन्नास बोर्ड फेकू नका. मॅक्स४८५ च्या आठ पिनांची मांडणी इथे आपल्या बाजूने आहे. आरओ ही १ नंबरची पिन आणि व्हीसीसी ८ नंबरची, दोन्ही बरोबर समोरासमोर. आरएक्सवरचा पुलडाऊन काढा आणि चिपच्या पाठीवरून आडवा एक छोटा पायांचा १० किलोओम १ आणि ८ मध्ये सोल्डर करा. डीई ३ नंबरला आहे, ग्राउंड ५ नंबरला, म्हणजे खालच्या टोकाला जरा तिरका दुसरा रेझिस्टर बसतो. पायांना बारीक स्लीव्ह घाला, नाहीतर डीईचा पाय ४ नंबरला टेकेल. हात बसला की एका बोर्डाला पाच-सहा मिनिटं लागतात. आरओ ते आरएक्स ट्रॅक दोन-तीन सेंटिमीटरचाच असेल तर वरचा रेझिस्टर न लावता नुसता पुलडाऊन काढून आतला पुलअप चालू केला तरी भागेल. या चिपमध्ये रिसीव्हर चालू असतानाही त्या पिनचा पुलअप पोर्टच्या बिटने चालू ठेवता येतो. डीईला मात्र ही पळवाट नाही. एटीमेगात आतला पुलडाऊन मुळी नाहीच, आणि ज्या चिपमध्ये असतो तिथेही तो सहसा कोड चालू झाल्यावरच लागतो. तुम्हाला तर रीसेटमध्येच तो हवा आहे.

आतल्या पुलअपवर किती विसंबायचं हे जागेवर ठरतं. मी एकदा द्राक्षबागेतल्या व्हॉल्व्हसाठी कंट्रोलर केला होता. पॅनेलच्या आत मुख्य बोर्डापासून रेडिओ मॉड्यूलपर्यंत साधारण हातभर तार, आणि ती मोटरच्या काँटॅक्टरला खेटून गेलेली. टेबलावर महिनाभर एकही चूक नाही. बागेत बसवला आणि मोटर सुरू होताना आरएक्सवर कचरा बाइट यायला लागले. त्यात तिथला माणूस फवारणीच्या वेळी ते मॉड्यूल काढून घरात ठेवायचा, तेव्हा आरएक्स फक्त त्या आतल्या ४० किलोओमच्या आसपासच्या पुलअपवर लटकायची आणि बोर्ड अडकायचा. टेबलावर मला हे दिसलं नाही, कारण तिथे मॉड्यूल कधी निघालंच नव्हतं आणि शेजारी काँटॅक्टरही नव्हता. बाहेरून ४.७ किलोओमचा पुलअप लावला, तार काँटॅक्टरपासून दूर नेली आणि तो त्रास थांबला. तेव्हापासून तार बोर्डाबाहेर जात असेल तर मी आतल्या पुलअपवर विसंबत नाही. मॅक्स४८५ च्या आरओला ४.७ किलोओम खाली ओढणं जड नाही, तो चार मिलिअँपिअर आरामात ओढतो.

तुमच्या बसबद्दलही एक शंका आहे. शून्य बाइट उत्तराच्या आधी न येता उत्तर संपल्यावर आला असता, तर मी आधी बसचं बायस, म्हणजे शांत बसला ठरलेल्या बाजूला धरून ठेवणारे रेझिस्टर, पाहिलं असतं. कुणीच बोलत नसताना ए आणि बी या बसच्या दोन तारांमधला फरक जवळपास शून्य होतो, आणि मॅक्स४८५ ला उणे २०० ते अधिक २०० मिलिव्होल्टच्या मध्ये काय समजायचं ते ठरलेलं नाही. दोन्ही टोकांना १२० ओमचं टर्मिनेशन असेल तर मिळून ६० ओम होतात, आणि पाच व्होल्टवरून त्यावर २०० मिलिव्होल्ट उभे करायला वर आणि खाली प्रत्येकी सुमारे ७२० ओमपर्यंतच जाता येतं. मॉडबसच्या सीरियल लाइनच्या मार्गदर्शिकेत ४५० ते ६५० ओम सांगितलेत, मी ५६० टाकतो. मॅक्स४८५ च्या ए ला पुलअप, बी ला पुलडाऊन, आणि हे अख्ख्या बसवर एकाच जागी. तुमच्या जागी हेही असू शकतं, कारण तुम्ही बस सोडल्यापासून मीटर ती धरेपर्यंतच्या फटीतही असंच शून्य जन्माला येतं. म्हणून आधी आरएक्सचा रेझिस्टर बदला, मग काय उरतं ते बघा. दोन्ही एकदम बदललेत तर कशाने बरं झालं ते कळणार नाही.

इतकं वाचून आरएक्सवर पुलडाऊन कधीच नको असा नियम मात्र करू नका. मीही तो काही ठिकाणी मुद्दाम लावतो. जीएसएम मॉड्यूलसारखं काही तुम्ही वीज वाचवायला बंद करत असाल, तर शांत हाय तारा त्याच्या संरक्षक डायोडमधून त्याला चोरवाटेने वीज पुरवतात. मॉड्यूल अर्धवट जागं राहतं, बंदही होत नाही आणि पुढच्या वेळी नीट चालूही होत नाही. तिथे दोन्ही तारा लो हव्यात आणि १०० किलोओमचे पुलडाऊन तिथे शोभतात. पण नुसता रेझिस्टर ते काम करत नाही. टीएक्स हाय धरून ठेवणाऱ्या मायक्रोकंट्रोलरसमोर १०० किलोओमची ताकद काहीच नाही. आधी यूआर्ट बंद करायचं, टीएक्स लो करायची, मग मॉड्यूलची वीज तोडायची. रेझिस्टर फक्त रीसेटच्या वेळेपुरता राखणदार.

दुसरी जागा म्हणजे कुणी केबल लावली आहे का हे ओळखणं. आरएक्सवर अशक्त पुलडाऊन ठेवला की केबल नसताना पिन लो, आणि समोर जिवंत यंत्र आलं की त्याची शांत टीएक्स तिला हाय करते. तोवर कोडने यूआर्ट बंदच ठेवायचं आणि पिन हाय झाली की चालू करायचं. हे छान चालतं, पण बॅटरीचा हिशोब करा. केबल लागलेली असताना लाइन हायच असते, म्हणजे पुलडाऊनमधून सतत करंट. तो पुरवतं समोरचं यंत्र. ते जर सीआर२०३२ वर चालणारं सेन्सर असेल, तर तीन व्होल्टवर १० किलोओम म्हणजे ०.३ मिलिअँपिअर, आणि सुमारे २२० मिलिअँपिअर-तासांचा सेल नुसत्या त्या रेझिस्टरने महिनाभरात संपेल. १०० किलोओमला दहा महिने मिळतात. पुलअपला शांत लाइनवर काहीच खर्च नाही, हा त्याचा मोठा गुण.

काही चिपांमध्ये पर्यायच नसतो. ईएसपी८२६६ ची जीपीआयओ १५ चालू होताना लो असावीच लागते, म्हणून बोर्डावर तिला पुलडाऊन असतो, आणि सीरियल स्वॅप केलं की तीच पिन टीएक्स होते. कोड सुरू होऊन टीएक्स हाय होईपर्यंत समोरच्याला ब्रेक दिसणार हे गृहीत धरून पुढचं लिहायचं. आरपी२३५० च्या ए२ आवृत्तीत तर इनपुट पिन आतल्या पुलडाऊनने खालीच येत नाही, २.२ व्होल्टच्या आसपास अडकते. तिथे बाहेरून ८.२ किलोओम किंवा त्याहून कमी लावावा लागतो.

आणि एक पुलडाऊन असा असतो जो तुम्ही लावलाय हे तुमच्या लक्षातही नसतं. पाच व्होल्टच्या टीएक्सवरून ३.३ व्होल्टच्या मॉड्यूलला जाताना १० आणि २० किलोओमचा डिव्हायडर सगळेच टाकतात. त्यातला ग्राउंडकडचा २० किलोओम हा मॉड्यूलच्या आरएक्सवरचा पुलडाऊनच आहे. आर्डुइनो रीसेटमध्ये गेला, टीएक्स सुटली, की मॉड्यूलला ब्रेक ऐकू येतो. तुमच्या पुढच्या बोर्डात जीएसएम टाकायचंय असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा तिथे डिव्हायडरऐवजी लेव्हल शिफ्टर घ्या आणि मॉड्यूलच्या बाजूला त्याच्याच व्होल्टेजवरून पुलअप द्या.

'आरएस-२३२ ला आतच पुलडाऊन असतो, मग इथे का नको' असंही तुम्ही विचारलं होतं. मॅक्स२३२ च्या रिसीव्हरला सुमारे पाच किलोओम ग्राउंडकडे असतात हे खरं, पण तो रिसीव्हर सिग्नल उलटा करतो. बाहेरची तार सुटली की आत शून्य व्होल्ट, आणि मायक्रोकंट्रोलरकडे जाणारी पिन हाय, म्हणजे शांतता. त्याच चिपच्या टीटीएल बाजूच्या इनपुटवर मात्र ४०० किलोओमचे पुलअप दिलेले आहेत. तिथेही दोन्ही बाजूंना शांत अवस्थेकडेच ओढलंय.

आता एका बोर्डावर एवढं करून बघा. मीटरची केबल काढा, बोर्ड चालू ठेवा, आणि मल्टिमीटरने आरएक्स आणि डीईवर ग्राउंडपासून व्होल्टेज मोजा. मग रीसेटचं बटण दाबून धरून पुन्हा मोजा. दुरुस्तीनंतर आरएक्सवर दोन्ही वेळा पाचच्या जवळ आणि डीईवर शून्याच्या जवळ यायला हवं. पहिल्या वेळी आरएक्स लो दिसली तर ए-बी वरचं बायस तपासा. आकडे इथे टाका, आणि स्कोप असेल तर विनंती पाठवतानाची आरएक्सची एक झलकही. त्यावरून ट्रान्सीव्हरचं काम संपलं की बसचं राहिलंय ते सांगता येईल.